स्प्रिंट आणि उड्यांच्या सरावाने हृदयाची भिंत जाड होते का?

पोलीस भरतीसाठी वर्षभर १०० मीटर, गोळाफेक, बॉक्स जंप आणि जड स्क्वॉट चालू आहेत, टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत १३ मिलिमीटर आली, मग हे सरावानेच झालं असेल ना, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर मुलांचा स्प्रिंटचा सराव घेतो. माझं ऐका, तसं धरून चालू नका.

कविता राऊतसारखी १०,००० मीटर धावणारी खेळाडू घ्या. तिथे हृदयाला बराच वेळ भरपूर रक्त पुढे ढकलावं लागतं. त्याने कप्पा मोठा होतो, भिंतही थोडी वाढते, विश्रांतीतले ठोके कमी होतात. आपल्या सरावात ताण येतो तो दाबाचा. १९८५ साली कॅनडात धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा जड लेग प्रेस करताना रक्तदाब सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता! एवढ्या दाबाने भिंत जाड होणारच, असं पूर्वी मानत. पण पुढच्या तपासण्यांत तेवढा फरक दिसला नाही. एक तर हा दाब काही सेकंदच टिकतो. शिवाय श्वास रोखला की छातीतला दाबही वाढतो आणि हृदयाला बाहेरून आधार मिळतो, त्यामुळे भिंतीवरचा खरा ताण कमी राहतो.

१९९१ मध्ये इटलीत ९४७ अव्वल खेळाडूंची इको झाली. १३ मिलिमीटर किंवा जास्त भिंत निघाली फक्त १६ जणांची, त्यातला एक सायकलपटू आणि बाकी १५ नौकानयन-कनूइंगवाले, वल्ह्यांनी होडी चालवणारे. म्हणजे बहुतेक आपल्या चांदवडच्या नौकानयनपटू दत्तू भोकनळसारख्या खेळातले. स्प्रिंटर किंवा वजन उचलणारा एकही नाही. म्हणूनच तुमचा आकडा मला खटकतो.

हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. ईसीजी, रक्तदाब, कप्प्याचा आकार, भिंत नीट सैल होते का, गरज पडली तर एमआरआय, हे सगळं बघू द्या. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, पळताना तुम्हाला कधी चक्कर आली का, हे आपणहून सांगा. जिममधून काही इंजेक्शन किंवा गोळ्या घेतल्या असतील तर तेही लपवू नका, स्टेरॉइडनेही भिंत जाडावते. डॉक्टर कदाचित तीन महिने सराव थांबवून पुन्हा इको करतील. सरावाने आलेली जाडी तेवढ्यात उतरते, हृदयाच्या स्नायूच्या आजाराने आलेली उतरत नाही.

भरतीची तारीख जवळ असली तरी निकाल हाती येईपर्यंत स्प्रिंट आणि जड वजनं बंद ठेवा.