वाचकांचे प्रश्न : कोकमाने चरबी वितळते, हे छापण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाने, नव्याने स्वयंपाक हाती घेणाऱ्या मुलामुलींसाठी सकस आहाराची एक छोटी पुस्तिका काढायचे ठरवले असून मजकूर जमवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मोबाइलवर आलेले ढीगभर संदेश माझ्याजवळ आहेत. रोज कोकम सरबत घेतल्याने पोटावरची चरबी वितळते, हा त्यांतला एक सर्वांना फार आवडला आहे. आपण अंकात असा मजकूर घेताना तो कसा तपासता?
— एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : ज्यांच्या परसात भिरंडाचे, म्हणजे कोकमाचे, झाड आहे त्यांना हा संदेश खरा असावासा वाटणारच, आणि म्हणूनच तपासणीसाठी तो चांगला नमुना आहे. असे वाक्य हाती आले की आम्ही प्रथम ते फोडून पाहतो. कोकम म्हणजे नेमके काय : ताजे फळ, आमसूल (वाळवलेली साल), आगळ (मीठ घालून काढलेला रस), की साखरेत मुरवलेले अमृत कोकम? ते किती घ्यायचे, किती दिवस, आणि कोणी? चरबी कमी झाली हे कशाने मोजले? बहुतेक संदेश या पायरीवरच गळतात, कारण त्यांत या प्रश्नांची उत्तरेच नसतात.

जे टिकतात त्यांचे मूळ शोधावे लागते. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते, हे खरे आहे. शरीरात चरबी तयार होण्याच्या एका टप्प्यावरील विकराला (एन्झाइमला) हे आम्ल अडवते, असे १९७० च्या सुमारास प्रयोगशाळेत आणि उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले होते. एवढेच छापले तरी दावा शास्त्रीय वाटतो, आणि पुष्कळ लेखक येथेच लेखणी खाली ठेवतात. परंतु प्रश्न माणसांचा आहे. केरळात कुडमपुळी म्हणून माशाच्या कालवणात घालतात ते फळ कोकमाच्याच कुळातले असून त्यातही हेच आम्ल असते. त्या फळाच्या अर्काची चाचणी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. वाढलेल्या वजनाच्या १३५ जणांना, कोण कोणत्या गटात जाणार हे नशिबावर सोडून, दोन गटांत विभागले गेले. एका गटाला अर्काच्या आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषधरहित गोळ्या १२ आठवडे देण्यात आल्या, आणि दोन्ही गटांना कमी उष्मांकांचा आहार सांगितला गेला. वजन दोन्ही गटांचे उतरले. अर्क घेणाऱ्यांचे अधिक उतरले नाही. पुढे २०११ मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा सरासरी फरक एका किलोहूनही कमी निघाला आणि केवळ काटेकोर चाचण्या विचारात घेतल्यावर तोही उरला नाही. १९९८ च्या चाचणीत दुसरा गट नसता, तर आहारातील बदलाचे सारे श्रेय अर्काच्या गोळीला गेले असते.

शिवाय त्या चाचणीतील माणसे रोज दीड ग्रॅम आम्ल गोळ्यांतून घेत होती, सरबतातून नव्हे. अमृत कोकमाच्या एका पेल्यात चार-पाच चहाचे चमचे साखर गेली, तर ती सुमारे २० ग्रॅम होते. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे वजन उतरावे म्हणून घेतलेला पेलाच त्यातला मोठा वाटा उचलतो. साखर नको म्हणून आगळाकडे वळावे, तर ते मिठात मुरवलेले असते, आणि मिठाची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा एवढीच आहे. म्हणून आपल्या पुस्तिकेत कोकम जरूर असावे. सोलकढीची कृती द्यावी, आगळ घातल्यावर चव पाहूनच मीठ घालावे असे लिहावे आणि चरबीचे वाक्य वगळावे.

आमच्याकडे मजकूर तयार झाल्यावर लेखकाने प्रत्येक आकड्यासमोर, तो कोणत्या पुस्तकाच्या किंवा अहवालाच्या कोणत्या पानावरून घेतला हे समासात लिहायचे असते, आणि ज्याने लेख लिहिलेला नाही अशा दुसऱ्या व्यक्तीने ते पान स्वतः उघडून पाहायचे असते. त्या आकड्याविषयी कोणी तिसऱ्याने लिहिलेला लेख त्यासाठी चालत नाही. हा नियम आम्ही ठेचा खाऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी मीच कुरकुरीत बोंबलांच्या कृतीखाली प्रथिनांचा आकडा दिला होता, आणि तो तक्त्यातील सुक्या बोंबलांचा निघाला. ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच असते. ते उन्हात उडून गेले की उरलेल्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने कितीतरी पटींनी दाट होतात. ही चूक आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आली नाही. मासे विकणाऱ्या एका वाचक बाईंनी ती पकडली. त्यांनी पत्रात एवढेच विचारले होते की, आपण बोंबील कधी हातात धरला आहे काय.

नवशिक्यांसाठीच्या मजकुराला आणखी एक चाळणी लागते, आणि तज्ज्ञांच्या नजरेतून नेमकी तीच सुटते. आम्ही लेख आहारतज्ज्ञांकडून तपासून घेतो, पण त्यानंतर तो स्वयंपाक न येणाऱ्या कोणाला तरी वाचायला देतो. चमचा म्हणजे चहाचा की पोह्याचा, वाटी केवढी, १०० ग्रॅम डाळ कच्ची की शिजवलेली, या शंका त्यालाच येतात, आणि मीठ किंवा तेल यांच्या बाबतीत चमचा बदलला की सल्ला तिप्पट होऊ शकतो.

सांगणारा काय विकतो, हेही पाहावे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, समाजमाध्यमांवर आरोग्यतज्ज्ञ म्हणून सल्ला देणाऱ्या प्रमाणित व्यक्तींनी आपली पात्रता उघड करणे अपेक्षित आहे, आणि तज्ज्ञ असल्याचा आव आणणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनी आपला सल्ला वैद्यकीय सल्ल्याची जागा घेत नाही, हे स्पष्ट सांगणे अपेक्षित आहे. आपल्या मोबाइलवरील संदेशांना मात्र बहुधा धनीच नसतो.

प्रश्न : नाचणीतील कॅल्शियम एका पुस्तकात १०० ग्रॅमला ३४४ मिलिग्रॅम दिले आहे, तर दुसरीकडे ३६४. कोणावर विश्वास ठेवावा?
— एक शिक्षक, गुहागर

उत्तर : दोघांवरही ठेवता येईल. पहिला आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांतील आहे आणि दुसरा त्याच संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतील. नव्या तक्त्यांसाठी देशाचे सहा विभाग करून तेथून ५२८ खाद्यपदार्थांचे नमुने गोळा करण्यात आले आणि त्यांचे नव्याने पृथक्करण झाले. वाण, जमीन आणि नमुना बदलला की आकडा थोडा हलतो. त्यामुळे वीस मिलिग्रॅमच्या फरकावरून कोणाला खोटे ठरवू नये. तक्त्याचे नाव आणि साल न देता आकडा लिहिणारा मात्र वाचकाला तपासणीची वाटच ठेवत नाही.

खरी फसगत वेगळीच असते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवले आहे. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे १८० मिलिग्रॅम मिळते, आणि सकाळच्या आंबिलीत दहा ग्रॅमच पीठ असेल तर जेमतेम ३६. त्यातले सगळे शरीराच्या पदरी पडत नाही, कारण नाचणीतील फायटेट नावाचा घटक काही कॅल्शियम अडवून ठेवतो. मोड आणल्याने किंवा आंबवल्याने हा अडथळा कमी होतो. ‘नाचणी कॅल्शियमचे भांडार’ हे वाक्य खोटे नाही, परंतु वाचक भांडार खात नाही, भाकरी खातो. वर्गात शिकवताना १०० ग्रॅमचा आकडा ताटातील मापात उतरवून दाखवावा.

प्रश्न : खोबरेल तेल अमृत आहे असे एक डॉक्टर सांगतात आणि विष आहे असे दुसरे. आम्ही वाटपात रोज नारळ घालतो. काय समजावे?
— एक वाचक, मालवण

उत्तर : असे दोन टोकांचे दावे समोर आले की दोन्हींना एकच प्रश्न विचारावा : कशाच्या ऐवजी? खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के मेद संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो. २०२० मध्ये १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह यांसारख्या तेलांशी तुलना करता खोबरेल तेलाने रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटरला सुमारे १० मिलिग्रॅमने वाढलेले त्यात आढळले. ‘चांगले’ म्हटले जाणारे एचडीएलही काहीसे वाढले होते. त्याआधी इंग्लंडमध्ये २०१८ साली झालेल्या एका चाचणीत खोबरेल तेलाची तुलना लोण्याशीही केली गेली, आणि तेथे एलडीएल अधिक वाढवणारे ठरले ते लोणी. या निष्कर्षांत विरोध नाही. मात्र पहिला तेवढाच वाचला तर खोबरेल विष वाटते, आणि दुसरा तेवढाच वाचला तर अमृत.

या चाचण्या काढलेल्या तेलाच्या आहेत. वाटपातील ओल्या खोबऱ्यात तेलाबरोबर पाणी आणि तंतूही असतात, म्हणून तेलाचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत; पण त्यातला मेद संपृक्तच असतो, हेही विसरू नये. घरात कोणाला हृदयविकार किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असेल, तर प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कोणत्याही सदराने ते काम अंगावर घेऊ नये, आम्हीही घेत नाही.

प्रश्न : आजी म्हणायची की उकड्या तांदळाची पेज सर्वांत चांगली. अशा घरच्या ज्ञानाला आधार म्हणून स्थान आहे की नाही?
— एक विद्यार्थिनी, कणकवली

उत्तर : शोधाची सुरुवात म्हणून त्याला पहिले स्थान आहे. जावामध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रिस्तियान आयकमन यांनी पाहिले की पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगासारखा, आजार होतो आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. त्या कामाला १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोंड्यातील तो घटक म्हणजे ब१ जीवनसत्त्व. भात सालीसकट भिजवून उकडला की कोंड्यातील हे जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्यात उतरते आणि गिरणीत कोंडा निघून गेला तरी बरेचसे टिकते. म्हणूनच उकडा तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत बेरीबेरी कमी दिसत असे. योगायोग असा की ज्या संस्थेच्या तक्त्यांचा वर उल्लेख आला, तिचा उगमही १९१८ मध्ये कुन्नूर येथे बेरीबेरीच्याच चौकशीसाठी स्थापन झालेल्या एका छोट्या केंद्रात आहे.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, म्हणजे भाताचे पाणी काढून टाकण्यापेक्षा पेज पिणे शहाणपणाचे. येथपर्यंत आजींच्या म्हणण्याला भक्कम आधार आहे. ‘सर्वांत चांगली’ या शब्दांना तो नाही, आणि पेजेने मधुमेह बरा होतो असे जे कोणी त्यापुढे जोडतात, त्यांना तर मुळीच नाही. आपण हे लिहून काढणार असाल, तर आजींचे वाक्य आजींच्या नावाने द्यावे, ब१ जीवनसत्त्वाचे वाक्य तक्त्याच्या नावाने द्यावे, आणि पेजेसोबत तोंडी लावायला घेतलेल्या खारवलेल्या सुक्या मासळीतले मीठ मोजायला विसरू नये.