थेरपिस्टला आमचं घर कळतच नाही

प्रश्न: ताई, थेरपी सुरू केलीय पण दरवेळी तेच ऐकते, घरच्यांना स्पष्ट नाही म्हणा, स्वतःसाठी जगा. आम्ही सगळे एकत्र राहतो, मोठ्यांना असं तोडून बोलले की मला बरं तर वाटत नाहीच, उलट रात्रभर अपराधी वाटतं. छातीत दडपण येतं म्हटलं तर त्या म्हणतात भावना सांगा. प्रार्थनेने शांत वाटतं हे सांगितलं तर नुसतं लिहून घेतलं. थेरपिस्ट बदलू का?

उत्तर: लगेच नका बदलू. मला लिहिलंत ना, ते जसंच्या तसं पुढच्या सेशनला त्यांना वाचून दाखवा. असं बोलणं म्हणजे उद्धटपणा नाही हो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये डीएसएम-५ हे मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक काढलं, त्यात १६ प्रश्नांची एक मुलाखतच दिलीय, तुमचा त्रास तुम्ही घरच्यांना कसा सांगता, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, आजवर कशाने आधार मिळाला, आणि शेवटी तर असं विचारायचं की आपली पार्श्वभूमी वेगळी असल्यामुळे आपल्यात गैरसमज होईल अशी काळजी वाटते का. म्हणजे तुमची प्रार्थना, तुमचं घर हे सगळं उपचाराच्या आतलंच आहे, बाहेरचं नाही!

छातीतल्या दडपणासाठी एकदा डॉक्टरांना दाखवाच, पण मनाचा त्रास शरीरातून सांगणारे जगभर आहेत, त्यात कमीपणा काही नाही.

मला यात झिम्बाब्वेच्या हरारे शहरातलं काम फार मोलाचं वाटतं. तिथे डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ मध्ये दवाखान्याबाहेरच्या बाकावर वस्तीतल्या आज्यांना बसवलं, अर्थात नीट ट्रेनिंग देऊन. आजी आधी सगळं ऐकून घेते, मग त्यातली एकच अडचण समोरच्याला निवडायला लावते आणि आता यावर काय करता येईल हे दोघी मिळून ठरवतात, सल्ला वरून पडत नाही. २०१६ मध्ये याचा अभ्यास छापून आला, सहा महिन्यांनी आज्यांशी बोललेल्या लोकांचा त्रास नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बराच कमी होता. तुम्हीही थेरपिस्टना म्हणा, नाही म्हणायचं राहू दे, घरात कोणाला मध्ये घालून कोणती एक गोष्ट हलवता येईल ते बघूया.

पण एक सांगते, घरात मारहाण किंवा छळ असेल आणि कोणी संस्कृतीच्या नावाने सहन करा म्हणत असेल तर ते अजिबात ऐकू नका.

एवढं बोलूनही थेरपिस्टनी टाळलंच तर बिनधास्त बदला. नवीन थेरपिस्ट आपल्याच समाजातली हवी असा हट्ट नको, कारण तीसुद्धा न विचारताच सगळं गृहीत धरू शकते. गोळ्या चालू असतील तर त्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.