भातखाचरात फोकलेला युरिया जातो कुठे?

तुमचा प्रश्न असा: घोटाभर पाण्यात युरिया फोकला की भात आठवडाभर हिरवंगार दिसतं आणि पुन्हा पिवळं पडतं; खत बनावट आहे का?

खत बहुधा चांगलंच असतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, पण पाण्यावर फोकलं तर त्यातलं साधारण ३० ते ४० टक्केच पिकाला लागतं. उरलेल्यातलं बरंचसं जीवाणूंच्या हातून हवेत जातं.

पाणी ओसरलेल्या खाचरातला चिखल विळ्याने उभा कापून पाहा. वरचा काही मिलिमीटरचा थर तांबूस दिसेल, खालचा करडा-निळसर. पाणी भरल्यावर खालच्या जीवाणूंनी मातीतली हवा एक-दोन दिवसांत संपवलेली असते. वरच्या पातळ थराला मात्र पाण्यातून थोडी हवा मिळत राहते. सगळा घोळ या दोन थरांच्या सीमेवर होतो.

युरिया विरघळला की मातीतलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) दोन-तीन दिवसांत त्याचं अमोनियम करतं. दुपारच्या उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू (पीएच) ८-९च्या वर चढतो आणि अमोनिया उडून जातो. जे उरतं त्याचं तांबूस थरातले जीवाणू नायट्रेट करतात. अमोनियमवर धन भार असतो, म्हणून ते चिकणमातीला धरून राहतं. नायट्रेट ऋण भाराचं, ते पाण्याबरोबर खाली उतरतं. करड्या थरातल्या जीवाणूंना हवा नसते, म्हणून ते श्वसनासाठी नायट्रेटच वापरतात, आणि तुमच्या नत्राचा वायू होतो.

म्हणून नत्र थेट करड्या थरात पोचवायचं. तिथे ते अमोनियमच राहतं आणि मुळं हळूहळू घेतात. चारसूत्री या भातलागवड पद्धतीतल्या युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे ही दोन खतं दाबून केलेल्या गोळ्या, याचसाठी आहेत. ओळीत आणि दोन ओळींमध्येही १५-२५ सेंमी असं आलटून पालटून अंतर ठेवून लावणी करा. त्याच दिवशी, १५ सेंमीच्या चौकोनातल्या चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंमी खोल खोचा आणि भोक चिखलाने बुजवा. ते उघडं राहिलं तर केलेले कष्ट वाया. गुंठ्याला सुमारे ६२५ ब्रिकेट, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत लागतं.

पाणी झरझर मुरणाऱ्या वरकस, रेताड जमिनीत मात्र हा उपाय करू नका, तिथे नत्र मुळांच्या खाली निघून जातं. खाचर मध्येच वाळून भेगा पडू देणंही वाईट. हवा शिरली की साठलेल्या अमोनियमचं नायट्रेट होतं, आणि पुढच्या पावसात पाणी भरलं की तेही गेलं.

लावणीच्या तोंडावर सुका पेंढा गाडू नका. त्यात नत्राच्या साठ-सत्तर पट कार्बन असतो. तो कुजवण्यासाठी जीवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि रोपं उपाशी राहतात. गिरिपुष्पाचा कोवळा पाला चिखलणीत घातला तर असं होत नाही, त्याच्या पानातच नत्र भरपूर असतं.

यंदाची लावणी झाली असेल, तर बेणणीच्या (निंदणीच्या) वेळी पाणी काढा, युरिया ओल्या चिखलावर देऊन हाताने मिसळा आणि दुसऱ्या दिवशी पाणी बांधा. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी खताच्या पिशवीला हात लावू नका.