जुन्या, अनोळखी मेक्सिकन सिनेमांच्या मागे संग्राहक एवढे का लागतात?

मेक्सिकोतले १९३०-४० च्या दशकांतले, फारसे कुणी न ऐकलेले सिनेमे लोक एवढी धडपड करून का जमवतात, असं तुम्ही विचारलंय. मीही त्यातलाच. मला हा नाद लागला तो १९३४ च्या 'दोस मोन्हेस'मुळे.

दिग्दर्शक हुआन बुस्तियो ओरो. मठातले दोन संन्यासी, एकेकाळचे जिवलग मित्र, एकाच स्त्रीपायी वैरी झालेले. आधी एक जण घडलेलं सांगतो, मग तेच प्रसंग दुसऱ्याच्या तोंडून येतात. पहिल्या वेळी पाहताना काहीतरी बदललंय एवढंच जाणवलं. दुसऱ्यांदा थांबवून थांबवून पाहिलं, तेव्हा कपड्यांकडे लक्ष गेलं. जो सांगतोय तो पांढऱ्यात, ज्याच्यावर ठपका तो काळ्यात. सांगणारा बदलला की रंगांचीही अदलाबदल. आणि हे 'राशोमोन'च्या, म्हणजे एकच घटना वेगवेगळ्या तोंडून सांगणाऱ्या कुरोसावाच्या गाजलेल्या जपानी सिनेमाच्या, सोळा वर्षं आधी! असं काही अवचित हाती लागतं, हे पहिलं कारण.

दुसरं कारण आगीचं. २४ मार्च १९८२ ला मेक्सिको सिटीतल्या सिनेतेका नासिओनालमध्ये, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात, आग लागली आणि हजारो चित्रपटांच्या प्रती गेल्या. त्या काळचे सिनेमे ज्या ज्वालाग्राही पट्टीवर असत ती नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. पुण्यात २००३ मध्ये नायट्रेटचा साठा जळला तेव्हा आपणही हे सोसलंय. म्हणून कुठे एखादी जुनी १६ मिमीची प्रत निघाली की जीव हरखतो.

कधीकधी तर अशा प्रतीत वेगळाच शेवट सापडतो. फर्नांदो दे फुएन्तेसच्या 'बामोनोस कोन पांचो विया'चं तसंच झालं. मेक्सिकन क्रांतीतला सेनानी पांचो विया याच्या फौजेत सामील झालेल्यांची ही गोष्ट. आपल्याला माहीत असलेल्या शेवटात त्यांच्यातल्या तिबुर्सिओला देवीचा रोग झालेल्या कोवळ्या साथीदाराला जाळून टाकायचा हुकूम मिळतो. त्यानंतर तो अंधारात रेल्वेच्या रुळांवरून एकटाच चालू लागतो. खूप वर्षांनी मिळालेल्या शेवटात विया त्याच्या घरी येतो आणि त्याच्या बायकोला अन् मुलीला ठार मारतो. का, तर त्याला मागे ओढणारं कुणी उरू नये. हा शेवट पाहिल्यावर आधीच्या सगळ्या शौर्याचा अर्थच पालटतो.

लॉबी कार्डं, म्हणजे थिएटरात लावायची सिनेमाच्या जाहिरातीची कार्डं, जमवणारेही पुष्कळ आहेत. रंगवलेलं चित्र आणि सोबत सिनेमातला फोटो, अशी ती देखणी कार्डं. पण माझा जीव प्रतींमध्येच.

सुरुवात करायची तर १९३४ चाच 'एल फान्तास्मा देल कोन्बेन्तो' घ्या. नवरा, बायको आणि तिच्यावर जीव जडलेला नवऱ्याचा मित्र रात्री वाट चुकून एका मठात शिरतात. ब्लू-रेवर चांगली प्रत मिळते. दिवे मालवून बघा.