डबा ओट्यावर, आणि अबोला

"मॅडम, याला माझी काही पडलेलीच नाही." जोडप्यांचं समुपदेशन करताना हे वाक्य मी आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकते. कधी बायको म्हणते, कधी नवरा. त्यातल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून.

लग्नाला अकरा वर्षं झालेली. व्यसन, मारहाण, बाहेरची भानगड, काही नाही. तो येतो, डबा ओट्यावर ठेवतो आणि गप्प बसतो, एवढीच तक्रार. पहिल्या बैठका एकमेकांच्या चुका मोजण्यात गेल्या. मग मी दोघांना वहीचं एकेक पान मधोमध दुमडून दिलं. डावीकडे कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहायचं, उजवीकडे मनात आलं ते.

तिचं पान: "पावणेनऊला आला. बोलला नाही." उजवीकडे: "मी घरात आहे काय, नाही काय, सारखंच."

त्याचं पान: "दार उघडलं, आत गेली. बोलली नाही." उजवीकडे: "चिडलीय. तोंड उघडलं तर भडका उडेल."

मी पानांची अदलाबदल केली. ती त्याच्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

"म्हणजे तू घाबरून गप्प बसतोस?"

"मग काय? मला वाटलं, तुला कळतं."

अबोला एकच, अर्थ दोन. त्या क्षणी मला माझ्या कामाचं सार्थक वाटलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मांडलेला आणि डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेला विवेकनिष्ठ विचार मी मानते: घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो. मन जुळलेलं असताना उशीर झाला, तर "लोकल रखडली असेल" वाटतं. मन विटलं की तोच उशीर मुद्दाम केलेला ठरतो. त्याहून वाईट म्हणजे, तेव्हा आणलेला गजराही "काहीतरी हवं असणार" या खात्यात जमा होतो.

म्हणून अर्थ लावण्याआधी विचारा. "तू गप्प आहेस, मला वाटतंय माझ्यावर नाराज आहेस. तसं आहे का?" आवाज मऊ ठेवा, उलटतपासणी नको. "न सांगता कळलंच पाहिजे" यातला 'च' सोडा; "कळलं तर बरं" एवढं पुरे. मारहाण होत असलेल्या घरात मात्र हे पान काढू नका. तिथं आधी सुरक्षित जागा गाठायची असते.

या दोघांचा डबा अजून ओट्यावरच असतो. ठेवताना तो म्हणतो, "डोकं उठलंय, दहा मिनिटं दे." ती "बरं" म्हणते आणि चहाचं आधण ठेवते.