लेक आयर पाहण्यासाठी विल्यम क्रीकला मुक्काम करावा का?

हो, जरूर करा, पण तळ्यात पाणी आल्याची खात्री करूनच. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडॅटा ट्रॅकवरची ही मूठभर माणसांची वस्ती. एक हॉटेल, तंबूंची जागा आणि धावपट्टी. ती धावपट्टीच इथं राहण्याचं खरं कारण. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खोल असलेलं हे अफाट मिठाचं तळं काठावरून नुसतं पांढरं, सपाट दिसतं. क्वीन्सलंडच्या पुराचं पाणी कित्येक आठवड्यांनी इथवर पोचलं, की त्याचे बदलते रंग आणि पेलिकनचे थवे छोट्या विमानातूनच नीट दिसतात. फार सुंदर असतं ते! मात्र रस्ते कच्चे आहेत, पाऊस पडला की बंद होतात. हाताशी एक-दोन दिवस जादा ठेवा, भरपूर पाणी बाळगा आणि डिसेंबर-फेब्रुवारीचा उन्हाळा टाळा.