उत्तर: पोर्टलवर निम्मे फोटो आडवे पडत असतील तर

बाराशे मुलांचे फोटो, मोबाइलवर सगळे सरळ, पोर्टलवर चढवले की निम्मे आडवे, आणि तुम्ही एकेक उघडून फिरवत बसलाय. थांबा. यापुढे एकही हाताने फिरवू नका.

ठाण्यात शाळांच्या ओळखपत्रांची कामं घेतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. बरेच फोन उभा फोटोसुद्धा आडवाच साठवतात आणि फाइलच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेली तारीख, कॅमेरा वगैरे माहिती) नुसता शेरा मारतात, की दाखवताना ९० अंशांनी फिरव. गॅलरी तो शेरा वाचते, काही पोर्टलं वाचत नाहीत. विषय संपला. पण आमचं पोर्टल ज्या कार्यालयाचं होतं (नाव घेत नाही, बिल अजून तिथेच अडकलंय) तिथे हे सांगणारा एक माणूस भेटेल तर शपथ. 'फाइल करप्ट आहे, फोटो परत काढा.' मेच्या सुट्टीत पालकांना फोन करकरून पोरं परत बोलावली, नव्याने फोटो काढले, तेही आडवे! स्क्रीनवर फक्त 'इनव्हॅलिड इमेज'. खिडकीवर गेलं की साहेब मीटिंगला.

इमेजमॅजिक टाका, टाइप केलेल्या कमांडवर शेकडो फोटो एकदम बदलणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, धंद्यासाठीही चालतं. एक्सएनकन्व्हर्ट आणि इरफानव्ह्यू बटणांनी चालतात, सोपे आहेत, पण धंद्यासाठी वापरायचे तर लायसन्स घ्यावं लागतं. ओळखपत्रांसाठी फोटोशॉपचं भाडं भरणं मला तरी पटत नाही.

इमेजमॅजिकची मॉग्रिफाय कमांड मूळ फाइलवरच लिहिते, म्हणून 'पाथ' हा पर्याय देऊन निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. क्रम महत्त्वाचा: आधी ऑटो-ओरिएंट (शेरा वाचून फोटो खरंच फिरवतो), मग रिसाइझ (आकार बदलतो), स्ट्रिप (एक्झिफ पुसतो) सगळ्यात शेवटी. स्ट्रिप आधी केलंत तर तो शेराच पुसला जातो, मग कुठला फोटो कसा फिरवायचा हे कॉम्प्युटरला कळायला मार्ग नाही.

साडेतीन बाय साडेचार सेंमी म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल. ३:४चा फोटो ४१३ रुंद केला की उंची ५५१ होते, जास्तीचे २० पिक्सेल कापावे लागतात. कापताना ग्रॅव्हिटी (फोटोची कुठली बाजू धरून ठेवायची तो पर्याय) 'नॉर्थ' ठेवा, म्हणजे कात्री खालून लागेल. 'सेंटर' ठेवलं तर उंच पोरांचे केस जातात आणि आया भांडायला येतात.

फाइल अमुक केबीच्या आत हवी अशी अट असेल तर क्वालिटी १०-१५वर आणू नका, चेहऱ्यावर चौकोन उठतात. आधी पिक्सेल कमी करा, मग जेपेगची 'एक्स्टेंट' मर्यादा, म्हणजे फाइल जास्तीत जास्त किती केबीची हवी तो आकडा, द्या.

हे सगळं माझ्या अनुभवापुरतं, तुमच्या पोर्टलचे नखरे वेगळे असू शकतात. म्हणून आधी आडवे पडणारे दहाच फोटो चढवून बघा. आणि फाइलला मुलाचं नाव देऊ नका, जनरल रजिस्टर नंबर द्या. एका वर्गात तीन आर्यन असतातच.